परवडणारा गोल्फ लॉन्च मॉनिटर: गच्चीवरच्या नेटसाठी आणि रेंजसाठी कोणता घ्यावा?

तुम्ही पुण्यात राहता, हँडिकॅप १८ आहे (म्हणजे एका फेरीत ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण अठरा जास्त लागतात), गच्चीवर नेट बांधून रोज थोडा सराव करायचा आहे, शनिवार-रविवारी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जाता, आणि साठ-सत्तर हजारांत बसेल असा लॉन्च मॉनिटर, म्हणजे मारलेल्या बॉलचा वेग, कोन वगैरे सांगणारं यंत्र, हवा आहे. शिवाय स्वस्त यंत्रांचे आकडे खरे असतात का, असंही विचारलंय. आधी याचंच उत्तर देतो, कारण ते एकदा पटलं की कोणतं यंत्र घ्यायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

लॉन्च मॉनिटर स्क्रीनवर दहा-बारा आकडे दाखवतो. त्यातले मोजकेच त्याने खरोखर मोजलेले असतात, बाकीचे त्या मोजमापावरून हिशेब करून काढलेले असतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात आणि घोळ तिथेच होतो. म्हणून यंत्र घेण्याआधी कंपनीच्या माहितीपत्रकात मोजलेले आकडे कोणते आणि काढलेले कोणते, हे शोधून काढा. पैसे मोजलेल्या आकड्यांसाठी द्यायचे. काढलेले आकडे वरकड समजायचे.

या किमतीत यंत्रांच्या दोन जाती मिळतात. रडारवाली बॉलच्या मागे बसतात, लहरी सोडतात आणि परत येणाऱ्या लहरींवरून वेग काढतात. २००३ मध्ये सुरू झालेल्या डेन्मार्कच्या ट्रॅकमन कंपनीने हेच तंत्र मोठ्या प्रमाणावर गोल्फमध्ये आणलं. टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत, दिसणाऱ्या त्यांच्या यंत्राची किंमत वीस हजार डॉलरच्या वर जाते, त्यामुळे त्याचा विचार इथे नको. कॅमेरावाली बहुतेक यंत्रं बॉलच्या बाजूला बसतात आणि बॉल निघाल्यानिघाल्या पहिल्या काही इंचांत त्याचे फोटो काढतात. रडारला बॉल जितका वेळ दिसेल तितकं चांगलं. कॅमेऱ्याला पुढे नेट आहे की मैदान, याने फारसा फरक पडत नाही.

आता गच्चीवरचं गणित बघा. ७ आयर्न (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब) नीट लागला आणि बॉल ताशी १०४ मैलांनी निघाला, म्हणजे सेकंदाला जवळपास साडेशेहेचाळीस मीटर. नेट अडीच मीटरवर असेल तर रडारला बॉल सेकंदाचा जेमतेम अठरावा भाग दिसतो. बॉल मिनिटाला ६,७०० फेऱ्यांनी फिरत असला तरी तेवढ्या वेळात त्याच्या सहाच फेऱ्या होतात, आणि साधा पांढरा बॉल रडारला सगळीकडून सारखाच दिसतो. मग फेऱ्या मोजायच्या कशा? वेग आणि निघण्याचा कोन रडारला तेवढ्यातही नीट कळतो, पण स्पिन, म्हणजे बॉलचं हे फिरणं, बहुतेक वेळा अंदाजाने भरावा लागतो. आणि बॉल शेवटी किती वळला असता, हे तर त्या अंदाजावर केलेला आणखी एक अंदाज. यावर उपाय म्हणून टायटलिस्टने आरसीटी नावाचे बॉल काढले. त्यांत आवरणाखाली रडारला दिसणारी खूण असते, त्यामुळे नेटमध्येही स्पिन बऱ्यापैकी पकडला जातो. काही यंत्रांसाठी बॉलवर धातूची छोटी टिकली चिकटवतात.

मग स्पिन नीट मोजणारंच यंत्र घ्यावं का? १८ हँडिकॅपला माझं स्पष्ट मत आहे की आधी त्याची गरज नाही. तुमचे फटके कुठे गळतात ते बॉल स्पीड, लॉन्च अँगल (निघण्याचा कोन) आणि बॉल कोणत्या दिशेला निघाला, या तीन आकड्यांत दिसतं, आणि हे तिन्ही बऱ्यापैकी स्वस्त यंत्रंही चांगले मोजतात.

एक उदाहरण घ्या. ट्रॅकमनने पूर्वी प्रसिद्ध केलेल्या सरासरीनुसार महिलांच्या टूरवर ७ आयर्नचा क्लब स्पीड ताशी ७६ मैल, बॉल स्पीड १०४ आणि कॅरी, म्हणजे हवेतून कापलेलं अंतर, १४१ यार्ड. आपल्यापैकी पुष्कळ जणांचा स्विंग ७६ च्या आसपास असतो, म्हणून मला पुरुषांच्या टूरपेक्षा हीच सरासरी समोर ठेवायला आवडते. १०४ ला ७६ ने भागलं की १.३७ येतात, यालाच स्मॅश फॅक्टर म्हणतात. आता तुम्ही तेवढ्याच जोराने मारलं आणि बॉल स्पीड ९६ आला, तर स्मॅश १.२६ वर घसरला. जोर तोच, पण बॉल फेसच्या, म्हणजे क्लबच्या मारण्याच्या सपाट बाजूच्या, मध्यावर न लागता टोकाला किंवा टाचेला लागला. आयर्नला बॉल स्पीडमधला ताशी एक मैल म्हणजे ढोबळमानाने दीड ते दोन यार्ड. इथे आठ मैल गेले, म्हणजे बारा ते सोळा यार्ड. ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या हिरवळीच्या) मध्यावर पडणारा बॉल अलीकडच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेला. बॉल फेसवर नेमका कुठे लागला हे या किमतीतली बहुतेक यंत्रं दाखवत नाहीत, त्यासाठी व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलवर एक जाड ठिपका काढा आणि ठिपका फेसकडे करून बॉल ठेवा. मारल्यावर ठिपका फेसवर उमटतो. दहा फटके मारा, प्रत्येक वेळी ठिपका आणि बॉल स्पीड दोन्ही बघा, मग पुसा. हाताला काय जाणवलं आणि खरं काय झालं, यांची सांगड या सरावाने फार लवकर बसते.

दिशेचंही तसंच. बॉल कुठे निघतो हे मुख्यतः क्लब फेस ठरवतो. आयर्नला त्याचा वाटा साधारण तीन चतुर्थांश, ड्रायव्हरला (सर्वांत लांब मारायच्या क्लबला) त्याहून जास्त. त्यामुळे बॉल सारखा उजवीकडे निघत असेल तर फेस उघडा राहतोय, हे स्पिनचा आकडा नसतानाही समजतं.

आता जागा. बाकी सगळ्याआधी टेप घेऊन गच्चीवर जा. मागे बसणाऱ्या रडारला बॉलच्या मागे साधारण दोन ते अडीच मीटर लागतात, बॉलपासून नेटपर्यंत किमान अडीच मीटर, आणि नेटमागे भिंत असेल तर फूटभर मोकळी जागा. म्हणजे सरळ रेषेत साडेपाच मीटर, अठरा फूट धरा. फ्लॅटच्या हॉलमध्ये एवढी लांबी क्वचितच मिळते, आणि मिळाली तरी वर पंखा असतो. ड्रायव्हरचा स्विंग नऊ-दहा फुटांचं छत सहज मागतो. शिवाय फिरता पंखा रडारला हलणारी वस्तू म्हणून दिसतो. गच्चीवर या दोन्ही अडचणी नाहीत. पत्र्याच्या शेडपासून आणि लोखंडी जाळीपासून मात्र यंत्र जमेल तितकं लांब ठेवा.

नेटबाबत कळकळीने सांगतो. क्रिकेटचं नेट आणून टांगू नका. गोल्फ बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, आणि क्रिकेटच्या पुष्कळ जाळ्यांची भोकं जवळजवळ तेवढीच असतात. गच्चीवरून सुटलेला बॉल खाली रस्त्यावर कोणाच्या डोक्यात गेला तर काय होईल, याचा विचार करा. एक इंच किंवा त्याहून बारीक जाळी घ्या, वर आणि दोन्ही बाजूंनी बंद करा. शँक झालेला, म्हणजे फेसऐवजी क्लबच्या दांड्याजवळ लागलेला बॉल, तुम्ही उजव्या हाताने खेळत असाल तर, थेट उजवीकडे जातो, म्हणून ती बाजू दुहेरी करा. नेट ताणून बांधू नका, सैल सोडा आणि मागे जुनी जाड सतरंजी टांगा. सोसायटी असेल तर आधी लेखी परवानगी घ्या.

यंत्राकडे येतो. तुमच्या गरजेला माझी पहिली पसंती गार्मिन ॲप्रोच आर१०. २०२१ मध्ये सहाशे डॉलरला आलं. रडारवर चालतं, बॉलच्या मागे बसतं, त्यामुळे डावखुऱ्या मित्रालाही न हलवता वापरता येतं. बॅटरी दहा तासांपर्यंत चालते आणि पाण्यापासून संरक्षणही आहे, आपल्या पावसात ते उपयोगाचं. बॉल स्पीड, लॉन्च अँगल आणि निघण्याची दिशा यांवर विश्वास ठेवा. क्लब फेसचा आकडा तो हिशेबाने काढतो, त्यावरून स्विंग बदलायला जाऊ नका.

रॅपसोडोचं एमएलएम२प्रो २०२३ मध्ये सातशे डॉलरला आलं. त्यात रडार आणि कॅमेरे दोन्ही आहेत, आणि खुणा छापलेले खास बॉल वापरले की ते स्पिन खरोखर मोजतं. गच्चीवर तुमचेच बॉल असतात, तिथे हा मोठा फायदा. रेंजवर मात्र रेंजचेच बॉल मारावे लागतात, तिथे तो फायदा संपतो. त्याच्या काही सोयी सशुल्क सदस्यत्वामागे आहेत, तो खर्च वर्षाच्या हिशेबात धरा. तुमचा सराव बहुतेक गच्चीवरच होणार असेल आणि वेजवर (जवळून उंच मारायच्या क्लबवर) काम करायचं असेल, तर हे घ्या.

स्क्वेअर गोल्फचं यंत्रही साधारण त्याच किमतीचं. ते कॅमेऱ्यावर चालतं आणि बॉलच्या बाजूला बसतं, त्यामुळे मागची जागा वाचते. ते मुख्यतः घरातल्या वापरासाठी आहे. तुम्हाला रेंजही हवी म्हणून ते सोडून दिलं.

बजेट ताणायचं नसेल तर प्रोजिअरचं छोटं काळं यंत्र किंवा शॉट स्कोपचं एलएम१ बघा. दोन्ही दोनशे डॉलरच्या आसपास, स्वतःचा स्क्रीन, फोन नको, सदस्यत्व नको. क्लब स्पीड, बॉल स्पीड आणि अंतर सांगतात, दिशा सांगत नाहीत. वर सांगितलेला ठिपक्याचा सराव यांच्यावर पूर्ण होतो. वाचलेले पैसे जाड, चांगल्या मॅटवर घाला. पातळ मॅटखाली काँक्रीट असलं की रोजच्या सरावाने कोपर दुखायला लागतं आणि ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही.

सगळ्या किमती बाजारात येतानाच्या, अमेरिकेतल्या आहेत. भारतात येईपर्यंत त्यावर शुल्क आणि कर चढतात, आणि परदेशातून मागवलेल्या यंत्राची वॉरंटी इथे चालते का, हे लेखी विचारून घ्या.

मांडणीत दोन गोष्टी सांभाळा. मॅट इंचभर जाड असेल तर यंत्राखालीही तेवढ्याच उंचीची फळी ठेवा, नाहीतर कोन चुकतो. आणि यंत्र लक्ष्याच्या रेषेत नीट लावा. ते पाच अंश तिरकं बसलं तर दीडशे यार्डांवर दिशा तेरा यार्डांनी चुकीची दिसेल, आणि नसलेला दोष तुम्ही दुरुस्त करत बसाल. गच्चीवर खडूने रेष मारून ठेवली की रोजचा प्रश्न मिटतो.

रेंजवर यंत्राचा उपयोग वेगळा. तिथले बॉल जुने, झिजलेले, कधी मुद्दाम कमी जाणारे. त्यांच्यावरून तुमचं ७ आयर्नचं अंतर ठरवू नका. तिथे बॉल पूर्ण उडताना डोळ्यांना दिसतो, म्हणून यंत्र जे वळण दाखवतं ते खऱ्या वळणाशी ताडून बघा. दोन-तीन वेळा असं केलं की गच्चीवर त्याच्या कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे कळेल. अंतरं ठरवायची ती कोर्सवर खेळता त्याच बॉलने, गच्चीवर. प्रत्येक क्लबचे दहा-दहा फटके मारा आणि सर्वांत लांब गेलेला न धरता मधला आकडा लिहून ठेवा. हवेच्या उंचीचाही थोडा फरक पडतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे बॉल मुंबईपेक्षा सुमारे दोन टक्के लांब जातो. चेंबूरला किंवा खारघरला खेळायला गेलात की दीडशे यार्डांमागे तीन यार्ड वजा करा. ज्या ॲपमध्ये उंची आणि तापमान भरायची सोय असेल तिथे ते एकदा भरून ठेवा.

गच्चीची लांबी अठरा फुटांपेक्षा कमी भरली तर आर१० घेऊ नका. मग प्रोजिअर किंवा एलएम१ घ्या, ती बॉलच्या बरीच जवळ बसतात. लांबी पुरेशी असेल तर खरेदीआधी रेंजवर कोणाकडे आर१० असेल त्याला विचारून वीस बॉल मारून बघा, आणि तुमच्या फोनवर त्याचं ॲप नीट चालतं का तेही तिथेच तपासा.