१ ऑगस्टला स्विस सहकाऱ्याच्या घरी बोलावलंय. तिथे नक्की काय असतं, आणि काय न्यावं?

तुम्ही लिहिलंय की सिंगापूरला येऊन चारच महिने झालेत, टीममधल्या स्विस बाईंनी १ ऑगस्टच्या संध्याकाळी सहाला त्यांच्या काँडोत बोलावलंय, तुम्ही शाकाहारी आहात आणि हा दिवस कसला ते ठाऊक नाही. हा स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन. मी इथे अकरा वर्षं आहे, त्यातली नऊ एका स्विस कंपनीच्या अकाउंट्समध्ये गेली. त्या नऊ वर्षांत एकही १ ऑगस्ट चुकवलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळेचं. सहा म्हणजे सहा. पहिल्या वर्षी मी आपल्याकडच्या सवयीने पावणेसातला पोचले. कुणी चकार शब्द काढला नाही, पण सगळे शेगडीभोवती ताटल्या घेऊन उभे होते आणि माझ्यासाठी थांबले होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, म्हणून तुम्हाला आवर्जून सांगतेय. आत गेलात की प्रत्येकाशी हात मिळवून आपलं नाव सांगा, लहान मुलांशीसुद्धा. घोळक्याला लांबून एकच हात दाखवला की त्यांना ते कोरडं वाटतं. आणि पेले भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा, पेल्यात नुसतं सरबत असलं तरी.

आता दिवसाबद्दल. उरी, श्वीझ आणि उंटरवाल्डन या तीन डोंगरी खोऱ्यांतल्या लोकांचा लॅटिनमधला एक करारनामा आहे, त्यावर ऑगस्ट १२९१ ची सुरुवात अशी तारीख आहे. संकटात एकमेकांच्या मदतीला जायचं आणि बाहेरून लादलेला न्यायाधीश मानायचा नाही, असं त्यात लिहिलंय. त्याला सहाशे वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १८९१ मध्ये, हा दिवस पहिल्यांदा देशभर साजरा झाला आणि १८९९ पासून दरवर्षी होऊ लागला. पण देशभर सुट्टी मिळाली ती थेट १९९४ पासून, तीही १९९३ मध्ये लोकांनी मतदान करून मंजूर केल्यावर. राष्ट्रीय दिनाची सुट्टीसुद्धा मत देऊन ठरवणारे हे लोक मला मनापासून आवडतात.

तिकडे या रात्री डोंगरमाथ्यांवर होळ्या पेटवतात. एका डोंगरावरची दिसली की पुढच्या डोंगरावरची दिसते. इथे डोंगर कुठून आणणार? सगळ्यात उंच म्हणजे बुकित तिमाह, १६३ मीटर, आणि खासगीत फटाके उडवायला कायद्याने बंदी. त्यामुळे आगीची सगळी हौस कागदी कंदिलांवर येते. लाल कागद, त्यावर पांढरा क्रॉस, आत मेणबत्ती, आणि तो काठीला अडकवून मुलं रांगेत फिरतात. तिकडे ऑगस्टात अंधार पडायला नऊ वाजतात, मुलं पेंगुळतात. इथे सव्वासातला सूर्य मावळतो, म्हणून इथल्या मुलांचं फावतं. तीन वर्षांपूर्वी ऐन मिरवणुकीत पाऊस भुरभुरायला लागला. एका सहा-सात वर्षांच्या मुलाचा कंदील सारखा विझत होता आणि सत्तरीचे एक आजोबा रांगेबरोबर चालत, दर वेळी गुडघ्यावर बसून, तळहाताचा आडोसा करून तो पेटवत होते. चारदा तरी पेटवला असेल. बॅटरीवरचे कंदील मिळतात, पण त्या आजोबांना ते चालत नाहीत.

याच दिवसांत इथल्या सरकारी इमारतींच्या गॅलऱ्यांवर ९ ऑगस्टच्या इथल्या राष्ट्रीय दिनासाठी सिंगापूरचे झेंडे लागलेले असतात. तेही लाल-पांढरेच. त्यामुळे लाल-पांढऱ्या पताका, रुमाल, कागदी ताटल्या कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळतात. तुम्हाला सजावटीला हातभार लावायचा असेल तर विचारून घ्या, त्यांना आवडेल. त्यांचा झेंडा चौकोनी, चारही बाजू सारख्या असलेला असतो, तेवढं लक्षात ठेवा.

खाण्याचं नीट वाचा, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. शेगडीवर सेर्व्हेला असणारच. हे जाड, आखूड सॉसेज. दोन्ही टोकांना क्रॉसमध्ये चिरा देतात आणि भाजताना ती टोकं फुलासारखी उमलतात. त्यात गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही असतं, तेव्हा त्या शेगडीवर तुमची भाजी भाजायला देऊ नका, आधीच सांगून वेगळा तवा मागा. राक्लेत म्हणजे वितळवलेलं चीज उकडलेल्या बटाट्यांवर, सोबत व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या आणि कांदे. पोट भरतं. पण काटेकोर शाकाहारी असाल तर हेही माहीत हवं की पारंपरिक स्विस चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने घट्ट करतात. मी ते खाते, माझी मैत्रीण खात नाही. ज्याचा त्याने ठरवायचा प्रश्न आहे. आल्प्लरमाग्रोनेन म्हणून मॅकरोनी, बटाटा, साय आणि चीजचा एक प्रकार असतो, सोबत सफरचंदाचा गर. त्यात कधी बेकन घालतात, म्हणून विचारा. आणि टेबलावर लहान गोल पाव दिसतील, वर क्रॉसची चीर, मधोमध टूथपिकवरचा इवलासा झेंडा. ते खास याच दिवसासाठीचे. त्यांच्या शेजारी पिवळा आरोमाटचा डबा असेल, म्हणजे मसालेदार मीठ. आपण बॅगेत गोडा मसाला आणतो तसे हे लोक आरोमाट आणतात, अंड्यावर, काकडीवर, सगळ्यावर घालतात.

काय न्यावं? वाइन आणि चॉकलेट सगळेच नेतात. मी एकदा चिरोटे नेले होते. आमच्याकडच्या एका स्विस बाईंनी एक तोडला, बोटाला लागलेली पिठीसाखर बघितली आणि गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, हे तर आमच्या आजीचं. त्यांच्याकडे फेब्रुवारी-मार्चच्या कार्निव्हलला कागदासारख्या पातळ, तळलेल्या, वर पिठीसाखर भुरभुरलेल्या पोळ्या करतात, फासनाख्टश्युएखली म्हणतात त्यांना. तेव्हापासून दरवर्षी माझ्याकडून चिरोटेच हवे असतात. तुम्हाला जमत असतील तर तेच न्या. नसतील तर शंकरपाळी.

जेवणाआधी राष्ट्राध्यक्षांचं परदेशातल्या स्विस लोकांसाठीचं भाषण पडद्यावर दाखवतात. ते पद सात मंत्र्यांत दरवर्षी फिरतं, त्यामुळे चेहरा बहुधा नवा असतो. मग सगळे उभे राहतात आणि राष्ट्रगीत होतं. ही चाल एका पाद्र्याने १८४१ मध्ये या गीताला लावली, पण राष्ट्रगीत म्हणून ती कायमची झाली १९८१ मध्ये. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषांत ते आहे, आणि आमच्याकडे सगळे एकाच वेळी आपापल्या भाषेत म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गोंधळ होणार. झाला नाही. चाल एकच असल्यामुळे शब्द वेगळे असूनही श्वास एकाच ठिकाणी घेतला जातो. ते ऐकताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

चार भाषांची चार स्वित्झर्लंडं आणि परदेशात राहणाऱ्यांचं पाचवं, असं ते म्हणतात. हे पाचवं लहान नाही, आठ लाखांवर माणसं आहेत, आणि १९९२ पासून त्यांना परदेशातून टपालाने मत देता येतं. आज आपण त्यांना श्रीमंत देशातली माणसं म्हणून बघतो, पण एकोणिसाव्या शतकात हे लोक उपासमारीमुळे घर सोडत होते. १८१९ मध्ये सुमारे २००० जण ब्राझीलला गेले, नोव्हा फ्रिबुर्गो गाव त्यांनीच वसवलं, पण कितीतरी जण वाटेत जहाजावरच दगावले. १८४५ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्लारूस प्रांतातल्या लोकांनी अमेरिकेत विस्कॉन्सिनला न्यू ग्लारूस वसवलं. सिंगापुरात आले ते मुख्यतः व्यापारी. त्यांनी १८७१ मध्ये नेमबाजीचा क्लब काढला, तोच आजचा स्विस क्लब, आणि तिथल्या रस्त्याचं नावच स्विस क्लब रोड आहे. मुंबईशीही त्यांचं जुनं नातं आहे. फोल्कार्ट ब्रदर्स ही कापसाची पेढी १८५१ मध्ये स्वित्झर्लंडमधलं विंटरथूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी एकदमच सुरू झाली. १९५४ मध्ये टाटांबरोबर मिळून त्यांनी व्होल्टास काढली, त्यातलं ‘व्होल’ फोल्कार्टचं. कंदीलवाले आजोबा विंटरथूरचेच. आमच्या सांगलीच्या घरातल्या एसीवर त्यांच्या गावच्या पेढीचं अर्धं नाव आहे हे सांगितलं, तेव्हा ते मला हाताला धरून बायकोकडे घेऊन गेले आणि तिच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं.

बोलायला विषय सुचला नाही तर सरळ विचारा, तुमचं मूळ गाव कोणतं? आपल्याकडे हा प्रश्न कुणालाही विचारतो तसा त्यांनाही चालतो, नव्हे, तो त्यांच्या पासपोर्टवरच आहे. स्विस पासपोर्टवर जन्मस्थळ नसतं, मूळ गाव असतं. ते आडनावाबरोबर वारशाने येतं. माझ्या एका सहकाऱ्याचा जन्म क्वालालंपूरचा, शाळा इथली, राहिला तो जगभर, आणि पासपोर्टवर ग्लारूसच्या डोंगरातलं एक खेडं, जिथे तो आयुष्यात कधी राहिलेला नाही. त्याने मला ती ओळ बोट ठेवून दाखवली होती. कंदील चारदा विझला तो मुलगा त्याचाच. त्या पावसात मी त्या मुलाला गंमत म्हणून विचारलं, तू कुठला रे? त्याने सिंगापूर म्हटलं नाही, झुरिकही नाही. खेड्याचं नाव सांगितलं, आणि तिथे उन्हाळ्यात दोनदा गेलो होतो, गाईंच्या गळ्यात एवढ्या मोठ्या घंटा असतात, असं दोन्ही हात पसरून दाखवायला कंदील माझ्या हातात दिला.