लांबून आलेली फळं खाणं पर्यावरणाला घातक असतं का? फक्त स्थानिकच खावं का?

आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्षवाले, माल युरोपात जातो. त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

माझे साडू नेदरलँड्सला असतात. मागे फेब्रुवारीत आले, तेव्हा त्यांना पॅकहाउस दाखवायला नेलं. बायका कात्रीने एकेक खराब मणी काढून घड अर्धा किलोच्या पनेटमध्ये (प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत) बसवत होत्या, पेटीत वरून ग्रेप गार्डचा, म्हणजे बुरशी रोखणारा, कागद घालत होत्या. सगळं बघून झाल्यावर साडू म्हणाले, "एवढ्या लांब फळं पाठवणं पर्यावरणाला परवडत नाही हो. मी तर तिथलेच टोमॅटो घेतो."

हिवाळ्यात तिथला टोमॅटो काचेच्या हरितगृहात पिकतो, आणि ती हरितगृहं मुख्यतः नैसर्गिक वायू जाळून गरम ठेवतात. आमच्या वेलीला ऊन फुकट मिळतं. पेटी प्रीकूलिंग होऊन, म्हणजे आधी थंड करून, रिफर (शीत) कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरात जाते आणि तिथून बोटीने रॉटरडॅमला. एका बोटीवर हजारो कंटेनर असतात, किलोमागे धूर फार थोडा येतो. तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर विमानाने न्या, पन्नासएक पट कार्बन सुटतो. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात हल्ले सुरू झाले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. इंधन वाढलं, भाडं वाढलं, माल पोचायला उशीर होऊ लागला, ते सगळं आम्ही सोसलं. तरी बोटीच्या कार्बनचा आकडा विमानाच्या जवळपासही जात नाही.

तुम्ही विचारलंय त्याबद्दल सांगायचं तर, अंतर नंतर बघा, ताटात काय आहे ते आधी बघा. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांचा २०१८ चा जगभरातल्या शेतीचा अभ्यास आहे. त्यातल्या आकड्यांनुसार अन्नापायी होणाऱ्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे. खरा भार शेतात आणि गोठ्यात पडतो: रवंथ करणाऱ्या जनावरांचा मिथेन, पाणी साचलेल्या भातखाचरांतला मिथेन, खतं, जंगलतोड. साडूंच्या घरी चीजशिवाय न्याहारी होत नाही. ते निम्म्यावर आणलं तर फरक पडेल, माझी द्राक्षं सोडून काय पडणार?

हे बोटीच्या प्रवासात टिकणाऱ्या फळांबद्दल झालं: द्राक्षं, सफरचंद, किवी. विमानाने जाणारा हापूस यात धरू नका. शिवाय ठिबक असलं तरी विहिरीवरची मोटार चालतेच, फवारणीचा ट्रॅक्टर डिझेल पितोच. तो धूर आमच्या नावावर जरूर मांडा.