मूळ लेखकाशी इमान राखलं, तरी नोटीस?

प्रश्न: माझ्या लाडक्या रहस्यकथाकारांचं 1974 साली निधन झालं. त्यांचाच गुप्तहेर घेऊन मी पुढची कथा लिहिली आणि फुकट वाचायला ठेवली. त्यांच्या पुतण्याने फोनवर ‘खुशाल लिहा’ म्हटलं होतं. आता लेखकांच्या मुलीच्या वकिलांची 15 दिवसांची नोटीस आली आहे. भाषा, लकबी, दोन पानांचा गाजलेला संवादसुद्धा मी जसाच्या तसा ठेवला. मग चूक कुठे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: तुमचं प्रेम खरं आहे, पण चूक नेमकी त्या संवादात आहे. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. म्हणजे मुळाच्या जितकं जवळ जाल तितका धोका जास्त. कथा फुकट दिली म्हणून उल्लंघन टळत नाही; फार तर शिक्षा ठरवताना न्यायालय त्याचा विचार करतं. हक्क मृत्यूनंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं, म्हणजे 31 डिसेंबर 2034 पर्यंत आहे.

उलट फार लांब गेलात तर कॉपीराइट कायद्याचं कलम 57 आडवं येतं. लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाली, तर वारस आक्षेप घेऊ शकतात, तोही मुदत संपल्यावरसुद्धा. नुसती नापसंती मात्र पुरत नाही.

आज कथा काढून घ्या, पण तारखेसह प्रत जपून ठेवा. वहीत दोन रकाने आखा: डावीकडे मूळ वाक्य आणि पान, उजवीकडे तुमचं. जुळणारी वाक्यं गाळा. उत्तर वकिलामार्फत मुदतीत द्या, आणि ‘मी मुळाशी प्रामाणिक राहिलो’ हे वाक्य त्यात चुकूनही नको; ती मजकूर उचलल्याची कबुलीच ठरेल. मुलगी नागपूरला राहत असेल तर दावा तिथेही लागू शकतो, शिवाजीनगर कोर्टच गृहीत धरू नका.

पुतण्याचं तोंडी बोलणं कामाचं नाही. परवानगी लेखी लागते. आधी मृत्युपत्र आणि प्रकाशकाशी झालेला करार पाहायला मागा, कारण हक्क कदाचित पुतण्याकडे नसतीलच. मग सगळ्या हक्कदारांच्या सह्या घ्या. परवानगीपत्रात मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमची कथा परदेशातही वाचली जाणार, म्हणून ‘जगभर’ हा शब्द आवर्जून घाला.