आठवीच्या मुलांना पेशी सिद्धांत कसा शिकवावा? तीन मुद्दे पाठ होतात, पण सिद्धांत म्हणजे काय ते कळत नाही

तुम्ही लिहिलंय की एका मुलाने विचारलं, "हे सिद्ध झालंय तर मग याला नियम का नाही म्हणत?" आणि तुम्ही अडलात. त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. सिद्धांताचा पुढे नियम होत नाही. काय घडतं ते नियम सांगतो, ते तसं का घडतं याचा उलगडा सिद्धांत करतो. आठवीला एवढं पुरे.

पण तुमचं खरं दुखणं वेगळं आहे, आणि त्यावर मला बोलायचंय. सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात, पेशी हा सजीवाचा मूलभूत घटक आहे आणि पेशीपासूनच पेशी होते, हे तीन मुद्दे आधी देऊच नका.

मी यवतमाळ जिल्ह्यात शिकवते. वर्गातल्या बहुतेक पोरांच्या घरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक असतं. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड सगळेच करतात, त्यावर फार लिहीत नाही. फक्त आच्छादक काच सुईच्या आधाराने तिरकी धरून हळू सोडायला लावा. नाहीतर हवा अडकते आणि अर्धा वर्ग काळ्या कडेचा गोल बुडबुडा काढून त्याखाली 'पेशी' लिहितो. मग गालाच्या आतल्या पेशी, मिथिलीन ब्लू हा निळा रंग टाकून.

हे झाल्यावर मी फळ्यावर लिहिलं, 'प्रत्येक सजीव पेशींचा बनलेला असतो.' आणि वर्गाला विचारलं, "आपण बघितलं काय? कांदा आणि गाल. मग 'प्रत्येक' कशाच्या जोरावर म्हणायचं? उद्या काहीतरी घेऊन या आणि हे वाक्य खोटं पाडून दाखवा."

पोरं पेटली. टाक्यातलं शेवाळ आलं, तुळशीचं पान आलं, दही आलं. एकाने मीठ आणलं, त्याला बाकीच्यांनीच गप्प केलं, "मीठ कुठं जिवंत असते बे?" एका मुलीने घरचा कापूस आणला होता. त्यातला एक तंतू सुटा करून पाण्याच्या थेंबात ठेवला. सूक्ष्मदर्शकाखाली पीळ पडलेली चपटी फीत दिसते. तिने स्लाइड सरकवत सरकवत खूप लांबवर पाहिलं, आडवी भिंत कुठेच नाही. म्हणाली, "मॅडम, याच्यात तं एकबी पेशी नाही."

वर्गात एकच गलका झाला, सिद्धांत पडला म्हणून. मी उत्तर दिलं नाही. विचारलं, हा तंतू उगवतो कुठून? शेतकऱ्याच्या पोरांना हे सांगावं लागत नाही. सरकीवर. मग कोवळं बोंड आणायला सांगितलं. ते ब्लेडने मी चिरलं, आतली ओली सरकी सुईने अलग केली आणि भिंगातून सगळ्यांना दाखवली. सालीतून केसांसारखे तंतू निघालेले, प्रत्येक वेगळा. बराच वेळ कुणी बोललं नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, भिंत दिसत नाही, कारण अख्खा धागाच एक पेशी हाये का?"

हो. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. ती लांबत लांबत अडीच-तीन सेंटीमीटर होते, जाडी मात्र साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीच. बोंड फुटेपर्यंत ती मरते, वाळते, चपटी होऊन पिळली जाते. म्हणून फीत दिसते. सिद्धांत पडला नाही, पण तो पडू शकला असता हे त्या पोरांनी पाहिलं. सिद्धांत कशाला म्हणतात हे मी त्यांना याहून चांगलं सांगू शकले नसते.

यावरून स्टाफरूममध्ये आमच्या एका ज्येष्ठ सरांनी मला चांगलंच सुनावलं. मुलांसमोर सिद्धांत असा पणाला लावायचा नसतो, त्यांचा विश्वास उडतो, आणि पोर्शन कधी संपवणार? मी वर्गात श्लायडेनची चूक सांगितली हे कळल्यावर तर ते आणखीच भडकले. 1838 साली श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि 1839 साली श्वानने प्राण्यांबद्दल सांगितलं की सगळं पेशींचंच बनलेलं आहे. ते टिकलं. पण नवी पेशी द्रवातून, स्फटिक जमतो तशी घडते असंही दोघांचं म्हणणं होतं, ते साफ चुकलं. पेशी दुभंगून पेशी होते हे रेमाकने पाहिलं, आणि 1855 साली विरशॉने ठामपणे मांडलं. म्हणजे तिसरा मुद्दा आला तो पहिल्या दोघांचं म्हणणं खोडून. आपण मात्र तिन्ही मुद्दे एका दमात लिहून देतो, जणू एकाच दिवशी एकालाच सुचले.

'शास्त्रज्ञ चुकले हे आठवीच्या पोराला कशाला सांगायचं?' असं सर म्हणायचे. सर, यासाठीच सांगायचं. चूक सापडली कशी, हे ज्याला कळलं त्याचा विश्वास उडत नाही. नुसतं पाठ केलेल्याचा उडतो, कुणीतरी पहिला उलटा प्रश्न विचारला की.

असा प्रश्न येतोच, 'मग पहिली पेशी कुठून आली?' त्याला खाली बसवू नका. तिसरा मुद्दा आज पेशी कशा जन्मतात याबद्दल आहे, साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्याही आधी काय झालं याबद्दल नाही, एवढं सांगा आणि पुढचं शोधणं चालू आहे म्हणा.

विषाणू, एकाच तंतूत अनेक केंद्रकं असलेले स्नायू, आडव्या भिंती नसलेली भाकरीवरची बुरशी, हे सिद्धांतात सरळ न बसणारं सगळं आहेच, पण पहिल्या आठवड्यात काढू नका, गोंधळ होतो. गालासाठी ज्याची त्याने स्वतःची टूथपिक वापरायची आणि लगेच फेकायची. सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असेल तर आधी भांडून किल्ली मिळवा. नसेलच, तर फोल्डस्कोपवरही, म्हणजे घडी घालून बनवायच्या कागदी सूक्ष्मदर्शकावरही कांदा दिसतो. कोवळं बोंड मात्र हंगामातच मिळतं, तेव्हा हा धडा त्या बेताने पुढेमागे करावा लागेल. तीन मुद्दे सगळ्यात शेवटी लिहून द्या, प्रत्येकापुढे नाव आणि साल घालून. परीक्षेला तेवढं पुरतं, आणि त्याला एक तासही लागत नाही.