एकाच बातमीची भाषा दोन पेपरांत इतकी वेगळी का असते?

‘पेपर विकले गेलेत’ हे उत्तर तुम्हाला इथे चार जण देतील. कधीकधी ते खरंही असतं. पण मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर उपसंपादकी केली आहे आणि तिथे रोज दिसायचं ते वेगळंच.

कांदा घ्या. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने निर्यातबंदी केली. नाशिककडे ही बातमी लिलाव बंद, रास्ता रोको, उत्पादक हवालदिल अशी. मुंबईच्या पानावर तीच बातमी भाव आटोक्यात येण्याची, म्हणजे दिलाशाची. भाव चढले की उलटं: शहरात कांदा ‘भडकतो’, ‘रडवतो’, निफाड तालुक्यात त्याला ‘भाव मिळतो’. वाचक विकणारा की विकत घेणारा, यावर क्रियापद ठरतं. एककसुद्धा बदलतं. लासलगावचा भाव क्विंटलमागे छापतात. क्विंटलला पाचशे रुपये पडले, तर तिथल्या घरात त्या रात्री जेवण गोड लागत नाही. तेच ‘किलोमागे पाच रुपये’ म्हणून छापा, शहरातला माणूस पान उलटून पुढे जाईल. आकडा खोटा कुठेच नाही. एकाच पेपरच्या नाशिक आणि मुंबई आवृत्त्या ई-पेपरवर शेजारी ठेवून बघा, मालक एक असूनही फरक दिसेल.

गुन्हे पानाचं कारण निराळं. ‘अज्ञात इसम’, ‘मुद्देमाल हस्तगत’ ही भाषा फिर्यादीतून आणि पोलिसांच्या प्रेसनोटमधून जशीच्या तशी येते. पान छपाईला सोडायच्या घाईत ती सोपी करायला वेळ कुणाला? ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं अल्पवयीन मूल) हा जडजंबाल शब्द मात्र कायद्यातून आलाय. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख छापताच येत नाही.

मरणालाही पानागणिक शब्द आहेत: नेत्याचं निधन, जवानाला वीरमरण, अपघातात तिघे ठार, दहशतवाद्यांना कंठस्नान. (हा शेवटचा मला कधीच आवडला नाही.)

आणि आदरार्थी बहुवचन! आमदार ‘म्हणाले’, फलंदाज कितीही मोठा असो ‘बाद झाला’, आरोपी ‘पळाला’. खरी पंचाईत नगरसेवकावर गुन्हा दाखल झाला की. काल ‘त्यांनी’ उद्यानाचं उद्घाटन केलेलं, आज ‘ते’ फरार झाले की ‘तो’ फरार झाला? यावर आमच्याकडे कडाक्याची भांडणं व्हायची. शेवटी मथळ्यात क्रियापदच गाळायचं, ‘नगरसेवक फरार’, आणि मजकुरात ‘संबंधित नगरसेवकाचा शोध सुरू आहे’ लिहून पान सोडायचं.