रक्तात लोह लागतंच ना, मग तेच लोह रक्तातलं प्रोटीन खराब कसं करतं?

लोह वाईट नाही हो, मोकाट सुटलेलं लोह वाईट. एरवी रक्ताच्या पातळ भागात (प्लाझ्मात) ते ट्रान्सफेरिन या लोह वाहणाऱ्या प्रोटीनला घट्ट धरून फिरतं, पण सुटलं आणि समोर हायड्रोजन पेरॉक्साइड आलं की फेरस लोह (Fe²⁺) त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन स्वतः फेरिक (Fe³⁺) होतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल (जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा कण) तयार होतो, हीच ती फेंटन रिअ‍ॅक्शन, लोह-पेरॉक्साइडची ही जोडी १८९४ पासून माहितीये. हा रॅडिकल इतका उतावळा की जिथे जन्मतो तिथेच शेजारच्याला चावतो, लांब जायला वेळच नसतो त्याला. मग अल्ब्युमिन या प्लाझ्मातल्या मुख्य प्रोटीनमधल्या ३४ नंबरच्या सिस्टीनचा (एक अमिनो आम्ल) सल्फर ऑक्सिडाइझ होतो, लायसिन, आर्जिनिन या अमिनो आम्लांवर कार्बोनिल ग्रुप (कार्बन-ऑक्सिजनची जोडी) येतात (लॅबमध्ये नुकसान मोजायला बऱ्याचदा हेच बघतात). रक्त गोठायला लागणारं फायब्रिनोजेन तर अल्ब्युमिनपेक्षाही लवकर बिघडतं. आणि हिमोग्लोबिनमधलंच लोह फेरिक झालं तर ते ऑक्सिजन धरत नाही, प्रमाण वाढलं की रक्त चक्क चॉकलेटी दिसतं.