ते स्टूल अजून स्टोअर रूममध्येच आहे का?

सांगलीहून एका पंचवीस वर्षांच्या मुलाचं पत्र आलंय. बीबीए झालंय, एका मोठ्या चेनच्या दुकानात ट्रेनी स्टोअर मॅनेजर म्हणून लागून पाच महिने झाले, खाली किराणा आणि वर कपडे असं दुकान, हाताखाली चौदा जण. पत्र बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. टीम ऐकत नाही. सकाळच्या ब्रीफिंगला हा टार्गेट सांगतो तेव्हा सगळे जमिनीकडे बघत उभे असतात, टाळ्या वाजवा म्हटलं तर कशाबशा वाजवतात. ग्रुपवर काही टाकलं की नुसते अंगठे येतात. काही अडलं की पोरं याला सोडून कॅशवरच्या ताईंना विचारायला जातात, त्या तिथे अकरा वर्षं आहेत. रविवारी ऐन गर्दीत दोघं पोट बिघडलं सांगून दांडी मारतात. "मी कधी कोणाला वाईट बोललो नाही, प्रत्येकाच्या वाढदिवसाला केक आणतो, तरी मला कोणी मॅनेजर मानत नाही. कडक व्हावं की मित्रासारखं राहावं? लीडरशिपचा एखादा ऑनलाइन कोर्स करू का?" असं विचारलंय.

आणि या सगळ्याच्या मधोमध कंसात एक वाक्य आहे. "(दिवाळीआधी एरिया मॅनेजरची व्हिजिट होती, काउंटर क्लीन दिसावा म्हणून कॅशमागचं स्टूल मी स्टोअर रूममध्ये ठेवायला लावलं, तेव्हापासून ताई तर माझ्याशी धड बोलतही नाहीत, एवढ्याशा गोष्टीवरून.)"

पत्राच्या शेवटी लिहिलंय, "रात्रीचे साडेदहा झालेत, क्लोजिंग करून बॅक ऑफिसमध्ये बसून लिहितोय."

अरे बाळा, कोर्स राहू दे बाजूला. मला आधी एवढंच सांग, ते स्टूल आत्ता कुठे आहे?

कारण तू लिहिलंच नाहीयेस. तीन पानी पत्रात केकचा उल्लेख दोनदा आला, पण स्टूल परत बाहेर आलं का ते कुठेच नाही, आणि मला वाटतं ते आलेलंच नाही. व्हिजिट दिवाळीआधी झाली, आता संक्रांत होऊन गेली. मधे दिवाळीची सगळी गर्दी गेली, तीन महिन्यांच्या पहिल्या तारखा गेल्या, महिन्याचा किराणा भरायला लोक दोन दोन ट्रॉल्या घेऊन येतात तेव्हाचे ते दिवस, आणि त्या ताई हे सगळे दिवस उभ्या होत्या. तू मात्र हे पत्र बसून लिहिलंस, बॅक ऑफिसमधल्या खुर्चीत. मला तुझा राग आलाय, आणि तो लपवून गोड गोड सल्ला द्यायची माझी इच्छा नाही.

कॅशवर उभं राहणं म्हणजे काय ते तुला बाहेरून दिसतं, तू फ्लोअरवर फिरत असतोस. फिरणाऱ्याचे पायही दुखतात पण चालताना निदान रक्त खेळतं, एका जागी उभं राहणाऱ्याचं तेवढंही होत नाही. पाच लिटरचा तेलाचा डबा उचलायचा, बारकोड शोधत फिरवायचा, मग दहा किलोचा आटा, मग सुट्टे पैसे, मग यूपीआय अडकलं म्हणून गिऱ्हाईक ओरडतंय ते ऐकायचं, आणि हे सगळं दोन फुटांच्या जागेत. संध्याकाळी सातनंतर घोटे सुजतात, चपलेचा पट्टा रुततो, मग आधी एका पायावर भार द्यायचा, मग दुसऱ्या, मग पोट काउंटरला टेकवून उभं राहायचं. पुढे जाऊन पोटऱ्यांवरच्या शिरा फुगतात, डॉक्टर त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात, वर्षानुवर्षं उभ्याने काम करणाऱ्यांत हे दुखणं खूप दिसतं. अकरा वर्षं म्हणालास ना तू? उद्या ताई काउंटरला टेकलेल्या दिसल्या तर जरा त्यांच्या पायांकडे बघ.

मला हे माहिती आहे कारण मी दुकानात काम केलंय. लग्नाआधी तीन वर्षं मी दादरला एका साड्यांच्या दुकानात होते, नाव घेत नाही. माझ्या आईच्या वेळची साडीची दुकानं तुला आठवणार नाहीत, पांढरी गादी असायची, गिऱ्हाईक पण गादीवर आणि दाखवणारा पण गादीवर, साड्यांची चळत मधे. मग काउंटर आले, काचेचे रॅक आले, गादी गेली, गिऱ्हाइकाला खुर्ची मिळाली आणि आम्हाला काहीच नाही. मालकांचं म्हणणं असं की पोरी बसलेल्या दिसल्या की दुकान झोपलेलं वाटतं. सकाळी दहा ते रात्री साडेआठ. दुपारी मालक जेवायला गेले की आम्ही काउंटरच्या मागे साड्यांच्या गठ्ठ्यावर आळीपाळीने दोन दोन मिनिटं टेकायचो, चोरासारखं. घरी गेले की आई परातीत गरम पाणी आणि मूठभर मीठ घालून ठेवायची, त्यात पाय बुडवून मी जेवायचे, ताट मांडीवर घेऊन.

तिथे एक सुपरवायझर होते, बोलायला अत्यंत तुसडे. कधी वाढदिवस विचारला नाही आमचा, केक तर लांबच. पण मालक जिन्यावर दिसले की ते मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "आज फारच उकडतंय बुवा", आणि आम्ही उठून उभ्या राहायचो. एकदा मालक मागच्या दाराने आले आणि माझ्या बरोबरची मुलगी बसलेली सापडली. मालकांनी विचारलं हिला कोणी बसायला सांगितलं, तर हा माणूस जागचा न हलता म्हणाला, "मी सांगितलं. सकाळपासून उभी आहे." बस, एवढंच. मालक पुटपुटत निघून गेले. पण त्या वर्षी दिवाळीत रात्री अकरा अकरापर्यंत घड्या घालत आम्ही सगळ्या थांबायचो, त्यांनी थांबा असं एकदाही सांगितलं नव्हतं. मला त्यांचा तो आवाज अजून ऐकू येतो बघ.

आता तुझ्याकडे येऊया. त्या दिवशी तुझ्या टीमने काय बघितलं ते तुझ्या लक्षात आलं नाहीये. वरचा माणूस येणार म्हटल्यावर तू घाबरलास. घाबरणं समजू शकते मी, कन्फर्मेशन त्याच्या हातात आहे, घरी ईएमआय असेल, आईबाबांनी सगळ्यांना सांगितलं असेल पोरगा मॅनेजर झाला म्हणून. पण घाबरल्यावर तू काय केलंस तर दुकानात सगळ्यात जास्त वेळ एका जागी उभी राहणारी जी बाई आहे तिच्या बुडाखालचं स्टूल काढलंस. आणि ते सुद्धा स्वतः उचललं नाहीस, "ठेवायला लावलं" असं लिहिलंयस, म्हणजे त्या चौदा जणांतल्याच कोणाला तरी ते उचलायला लावलंस. व्हिजिट झाली, साहेब गेले, तुझी पाठ थोपटली असेल कदाचित, आणि स्टूल राहिलं आत. तुला ते आठवलंच नाही! ताईंना मात्र ते रोज संध्याकाळी सातला आठवतं. बाकीचे तेराजण रोज ते बघतात. पोरं तुझ्याकडे न येता ताईंकडे जातात त्याचं तुला आश्चर्य वाटतंय, मला नाही वाटत. तुझ्याकडे येऊन काही अडचण सांगितली आणि त्यात वरून दट्ट्या येण्यासारखं काही असलं तर तू तो दट्ट्या त्यांच्याच डोक्यावर आणून सोडशील, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय.

"एवढ्याशा गोष्टीवरून" हे तुझे शब्द मला फार लागले. केरळमध्ये कोळिकोडच्या मिठाई रस्त्यावर कापडाच्या आणि बाकीच्या दुकानांतल्या बायका याच एवढ्याशा गोष्टीसाठी लढल्या, दिवसभर बसायची परवानगी नाही, बसलं तर पगार कापतात अशा त्यांच्या तक्रारी होत्या. शिवणकाम करणाऱ्या विजी पेन्कूट यांनी त्यांना एकत्र आणलं, वर्षानुवर्षं ते चाललं, आणि शेवटी २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही केली. आणि कारखान्यांसाठी तर १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ४४ होतं, की उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना अधेमधे टेकता यावं म्हणून बसायची सोय हवी. म्हणजे लेथवरच्या माणसाचे पाय दुखतात हे ७० वर्षं आधी कळलं होतं, काउंटरमागच्या बाईचे दुखतात हे कळायला २०१८ उजाडावं लागलं, आणि तेही बायका रस्त्यावर आल्या तेव्हा. तुला कायदा दाखवून धमकवायला हे सांगत नाहीये. ज्याला तू कंसात टाकलंस त्याच्यासाठी लोकांनी अर्धं आयुष्य घातलंय, हे तुला माहिती असावं म्हणून सांगतेय.

आणि बसून बिलिंग केलं की स्पीड कमी होतो, काउंटर ढिला दिसतो हे जे डोक्यात बसलंय ना, तेही काढून टाक. आल्डी नावाची जर्मन चेन आहे, तिच्या जर्मनीतल्याच काय अमेरिकेतल्या दुकानांतही कॅशिअर बसून बिलं करतात, आणि झपाझप बिलिंग हीच त्यांची ओळख आहे.

तर आता काय करायचं. कडक व्हायचं का मित्रासारखं, रविवारचं रोस्टर, ब्रीफिंगच्या टाळ्या, यातल्या कशावरही मी आज एक अक्षर बोलणार नाही, ते सगळं नंतरचं आहे आणि त्यातलं बरंचसं आपोआप जाग्यावर येईल असं मला वाटतं. (टाळ्या मात्र बंद कर, मोठ्या माणसांना सकाळी सकाळी टाळ्या वाजवायला लावू नये.)

उद्या तुझी शिफ्ट कितीचीही असो, दुकान उघडायच्या अर्धा तास आधी जा. स्टोअर रूममध्ये जा आणि ते स्टूल शोध. त्याच्यावर एव्हाना कार्टनची थप्पी लागली असेल, ती तूच उतरव, हाउसकीपिंगच्या दादांना हाक मारू नकोस. फडक्याने पूस. स्वतः उचलून कॅशमागे नेऊन ठेव. ताई आल्या की त्यांना सांग, "ताई, हे मी काढलं होतं, तीन महिने परत ठेवलं नाही, चुकलं माझं." एवढंच बोल आणि तिथून निघ. पुढे "पण तुम्ही पण मला समजून घ्या" वगैरे जोडू नकोस, ग्रुपवर फोटो टाकू नकोस, ब्रीफिंगमध्ये त्याच्यावर भाषण देऊ नकोस. ताई कदाचित काही बोलणार नाहीत, त्या दिवशी बसणारही नाहीत. बसल्या नाहीत म्हणून तोंड पाडून फिरू नकोस. तीन महिने उभं ठेवलंयस, त्यांना एक दिवस तरी रुसू दे.

आणि खरं काम त्याच्यापुढे आहे. एरिया मॅनेजर परत येतील. यायच्या आदल्या दिवशी तुझ्या पोटात गोळा येईल, हात शिवशिवतील, म्हणशील की एका दिवसाचा तर प्रश्न आहे, संध्याकाळी परत ठेवू. तेव्हा हे पत्र काढून वाच. स्टूल तिथेच राहिलं पाहिजे. ते काउंटरशी आले की तू ताईंच्या शेजारी जाऊन उभा राहा, आणि त्यांनी विचारलं हे काय, तर त्यांनी ताईंकडे बघायच्या आत तू बोल, "सर, मी ठेवलंय. गर्दी नसताना टेकतात, बिलिंगला काही फरक पडत नाही." आरशासमोर चार वेळा म्हणून बघ हवं तर, आवाज कापला तरी चालेल. साहेब झापतीलही, रिपोर्टमध्ये लिहितीलही. झापू दे. दुकानात तेव्हा जे जे कोणी असेल, भाजीच्या क्रेटपाशी असेल नाहीतर वर ट्रायल रूमपाशी, ते सगळे कान देऊन ऐकत असतील.

तुला हे जमेल असं मला मनापासून वाटतं, नाहीतर एवढं लिहिलं नसतं. ज्याला ते स्टूल खरंच क्षुल्लक वाटलं असतं त्याने ते पत्रात लिहिलंच नसतं. तुला ते कुठेतरी टोचतंय, म्हणूनच ते कंसात का होईना पण आलं.

एक राहिलं. अशा स्टुलांच्या पायांची रबरी बुचं हमखास गेलेली असतात, आणि तीन महिने पडून राहिल्यावर तर नक्कीच. आजच हार्डवेअरच्या दुकानातून चार बुचं घेऊन ठेव, दहा वीस रुपयांना मिळतील. बसवून, एकदा स्वतः बसून बघ डुगडुगत नाही ना, आणि मगच ते ताईंना दे.